नळदुरुस्तीवाल्या पाणघोड्याचा शोध

आजोबांचा घसा गेला तो काही सर्दीपडशाने नाही. उभं आयुष्य त्यांनी लिलावात बोली पुकारण्यात घालवलं होतं. तीन पायांचं टेबल ‘चौथ्या पायाची गरज न पडणारं टेबल’ म्हणून चढ्या बोलीला विकणारा गळा तो. ते पुकारायला लागले की बाजारातली कबुतरं उडून थेट पुढच्या गावात जाऊन बसत, आणि तिथला लिलावही उगाचच चढत असे म्हणतात. अशा गळ्यात शेवटी गाठी झाल्या. डॉक्टरांनी त्या काढल्या आणि घरी निघालेल्या आजोबांना दारातच अडवलं.

“महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज तर बोलण्याहून वाईट. ऐकलं नाहीत तर आवाज गेला तो कायमचा गेला. मग माझ्या दारात येऊ नका.”

आजोबांनी मान हलवली. आजीनेही हलवली, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात जरा सुस्कारा सोडला. आजी शाळेत गणित शिकवायची. आता निवृत्त झाली होती, पण शेजारच्या खोलीत दार लावून रोज संध्याकाळी शिकवण्या चालत. तिने जन्मात कधी ‘साधारण’ हा शब्द वापरला नव्हता. किती वाजले विचारलं तर ती घड्याळाकडे बघून सांगायची आणि वर, घड्याळ किती पुढे आहे तेही सांगायची. अशा बाईला देवाने नवरा दिला तो हा. तेव्हा महिनाभराची शांतता म्हणजे तिला पेन्शनीतली वाढच वाटली.

ही वाढ जेवणाच्या वेळेपर्यंत टिकली.

घरात नात होती, चार वर्षांची. पायाला भिंगरी म्हणून नावही भिंगरीच पडलेलं. तिचे आईबाप दोघेही संध्याकाळच्या पाळीला कारखान्यात जायचे, त्यामुळे रात्रीचा घास भरवणं आजोबांकडे. पद्धत ठरलेली होती. गुडघ्यावर वाचनालयाचं पुस्तक उघडं ठेवायचं, आजोबांनी एक वाक्य वाचायचं आणि भिंगरीने एक घास गिळायचा. वाक्य नाही तर घास नाही. आणि नेमकं ते पुस्तक, मुदत संपली म्हणून, आजोबांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परत करून टाकलं होतं.

“पाणघोड्याचं वाचा,” भिंगरी म्हणाली.

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“वाचा ना.”

आजोबांनी हात जोडले. भिंगरीने ताट ढकललं, खालचा ओठ बाहेर काढला, आणि डोळ्यांत पाणी भरून यायला लागलं. आजी स्वयंपाकघरातून बघत होती. नातीचा ओठ थरथरला की या माणसाच्या सगळ्या शपथा वितळतात हे तिला ठाऊक होतं. आजोबांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आजीने धावत येऊन ओल्या हातानेच ते दाबून धरलं.

“अहो, वेड लागलंय का? डॉक्टर काय म्हणाले?”

आजोबांनी हताशपणे नातीकडे बोट दाखवलं.

“मला दिसतंय. मी आणते ते पुस्तक. मी वाचेन. तुम्ही तोंड मिटा.”

त्या दिवशी भिंगरी अर्धपोटी झोपली आणि आजोबा बाल्कनीत तोंडावर रुमाल बांधून बसले.

सकाळी आजीने शिकवणीची पाटी आणि खडू नवऱ्यासमोर ठेवला. “पुस्तकाचं नाव लिहा.”

आजोबांनी लिहिलं, ‘आठवत नाही.’

“लेखक?”

‘कुणीतरी बाई.’

“मुखपृष्ठ कुठल्या रंगाचं?”

‘निळं.’ मग जरा विचार करून त्याखाली, ‘कदाचित हिरवं.’

आजीने लाल खडूने ‘कदाचित’भोवती गोल काढला. “रोज संध्याकाळी हातात धरत होता ना पुस्तक? की तेही कदाचित?”

आजोबांना एकाएकी कुंड्यांना पाणी घालायची आठवण झाली. कुंड्यांना पहाटेच पाणी घालून झालं होतं, हे आजीने पाहिलं, पण बस चुकेल म्हणून ती निघाली. जाताजाता भिंगरीकडून जेवढं मिळालं तेवढं तिने डोक्यात भरून घेतलं. पाणघोडा असतो. तो लोकांचे नळ दुरुस्त करतो. त्याच्या मिशा खोट्या असतात. एकदा तो छपरावरची टाकी गिळतो. एवढ्या माहितीवर तर चोर सापडतो, मग पुस्तक का नाही सापडणार, असा आजीचा हिशेब.

वाचनालयात नवी ग्रंथपाल आली होती. चष्म्याला दोरी, अंगात स्वेटर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शिकायला निघालाय. आजीने पाणघोड्याचं पुस्तक मागितलं.

“अवश्य मिळेल,” ग्रंथपाल म्हणाली. “पण आजी, आम्ही आता पुस्तक शोधून देत नाही. शोधायला शिकवतो.”

“मला शिकायचं नाही. मला पुस्तक हवंय.”

“आज मी दिलं तर उद्या परत माझ्याकडे याल.”

“उद्या मी कशाला येऊ? एकच पुस्तक हवंय.”

“असंच सगळे म्हणतात,” ग्रंथपाल म्हणाली आणि तिने आजीला संगणकासमोरच्या खुर्चीत बसवलं.

“हे बघ, आमच्या ह्यांनीच नेलं होतं ते, त्यांच्या कार्डावर. तुझ्या यंत्रात असेल की लिहिलेलं.”

“परत आलं की ते आम्ही पुसून टाकतो. कोण काय वाचतं हे दुसऱ्याला कळू नये म्हणून. नियमच आहे.”

“मी दुसरी नाही, त्यांची बायको आहे.”

“मग तर मुळीच नाही,” ग्रंथपाल म्हणाली.

आजीने ‘पाणघोडा’ टाइप केलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि जे ओकायला सुरुवात केली ते थांबेना. पाणघोड्याची दातदुखी, पाणघोड्यांचे स्थलांतर, पाणघोड्याच्या कातडीवर कुणी पंडिताने लिहिलेला जाडजूड प्रबंध, इतकंच काय, लठ्ठपणा कमी करण्याचं एक पुस्तकसुद्धा. भीक नको पण कुत्रं आवर, असं आजीला झालं.

“आता गाळण्या लावायच्या,” ग्रंथपाल मागून म्हणाली. “विभाग कोणता? बालविभाग. प्रकार? कथा. वयोगट? आता दोन शब्द जोडा. मध्ये ‘आणि’ लिहिलंत तर दोन्ही शब्द असलेली पुस्तकं येतात. ‘किंवा’ लिहिलंत तर कुठलाही एक असलेली. ‘वगळून’ लिहिलंत तर—”

“कळलं,” आजी म्हणाली. संचांचा छेद आणि संयोग तिने ज्यांना शिकवला होता ते आता आजोबा व्हायला आले होते. तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. हे यंत्र निदान सरळ बोलतं. ‘कदाचित’ नाही, ‘साधारण’ नाही. तिने बाह्या सरसावल्या आणि लिहिलं: पाणघोडा आणि नळ.

शून्य.

पाणघोडा आणि टाकी. शून्य. पाणघोडा आणि मिशा. शून्य. पाणघोडा किंवा नळ, तर यंत्राने पुन्हा प्रबंधासकट सगळी वरात काढली. प्राणी आणि दुरुस्ती. एक पुस्तक आलं, ते जखमी घोड्यांच्या पायपट्ट्यांचं, चुकून बालविभागात शिरलेलं. आजीने कंस घालून असं काही समीकरण रचलं की ग्रंथपालने चष्मा नाकावर चढवून ते दोनदा वाचलं. “सुंदर आहे,” ती म्हणाली. “असं कुणीच लिहीत नाही.”

“उत्तर?”

“शून्य.”

“मग सुंदर काय त्यात?”

“आजी, तुम्ही तुमच्या शब्दांनी शोधताय. सूची करणाऱ्याने पुस्तकाला कुठला विषय लावला असेल, तो विचार करा. उदाहरणार्थ, ‘प्राणी, व्यवसाय करणारे’.”

“असा विषय जगात कोण लावेल?”

“लावला असेल तर सापडेल.”

“आणि नसेल लावला तर?”

“तर दुसरा लावला असेल,” ग्रंथपाल म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं, म्हणूनच आजीला तिचा गळा धरावासा वाटला.

शेवटी बालविभागातले, कथा प्रकारातले, पाणघोडा ज्यात आहे असे जितके म्हणून ग्रंथ सापडले तितके आजीने पिशवीत कोंबले. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, दगड नेताय का. आजीने तिकिटाचे सुटे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

संध्याकाळी परीक्षा झाली. पहिल्या पुस्तकातला पाणघोडा शाळेत जात होता. “हा नाही,” भिंगरी म्हणाली. दुसऱ्यातल्याला वाढदिवसाला कुणी बोलावत नव्हतं. “हा रडका आहे.” तिसरा चंद्रावर गेला. “हा कोण?” शेवटचं पुस्तक तर तिने उघडूच दिलं नाही. ताट जसंच्या तसं राहिलं.

भिंगरी मग उठली आणि आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. तिने दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले आणि अगदी हळू म्हणाली, “एकच ओळ. आजीला ऐकू येणार नाही.”

आजीला सगळं ऐकू आलं. तिने पाहिलं ते एवढंच की आजोबांचे ओठ उघडले आणि घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता. गंजलेल्या बिजागरीवर दार फिरावं तसा आवाज. आजोबांनी स्वतःच दचकून गळा धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या गळ्याने एकेकाळी बाजार हलवला, त्यातून असं काही निघू शकतं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. आजीने त्यांना पाण्याचा पेला दिला आणि काही बोलली नाही. चिडलेली आजी बोलते. घाबरलेली बोलत नाही.

त्यानंतर तिने आजोबांना जेवणाच्या वेळी गच्चीवर पाठवायला सुरुवात केली. आजोबा गच्चीवर, भिंगरी जिन्याच्या खाली ‘आजोबा’ म्हणून टाहो फोडतेय, आणि आजी मध्ये पायरीवर हात पसरून उभी. शिकवणीची मुलं दाराच्या फटीतून बघायची. दिवसभर वाचनालय, संध्याकाळी जिना. वाचनालयात आता तिला वेगळी खुर्ची मिळाली होती. पाणघोडा सोडून तिने गेंडा करून पाहिला, म्हटलं, पोरीला फरक कळला नसेल. हत्ती केला. रानडुक्कर केलं. मिशा म्हणून वालरस केला. व्यवसायात सुतार, गवंडी, विजेच्या तारा ओढणारे. शब्दाच्या शेवटी फुली टाकली की त्याची सगळी रूपं येतात, हे ग्रंथपालने शिकवलं, तेव्हा आजीने इतक्या फुल्या टाकल्या की यंत्र गरम होऊन गप्प झालं आणि त्याला पंखा लावावा लागला.

“तुम्ही फार छान शिकताय,” ग्रंथपाल म्हणाली.

“बाई गं, मला छान म्हणू नकोस,” आजी म्हणाली. “मला आता रडू येईल.”

त्यावर मात्र त्या मुलीचं हसू जरा ढळलं. तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. “नात नक्की काय म्हणते? तिच्याच शब्दांत सांगा.”

“नळ दुरुस्त करतो, टाकी गिळतो, खोट्या मिशा.”

“ही झाली गोष्ट. चित्रात काय आहे?”

“म्हणजे?”

“लहान मुलं सांगतात ती गोष्ट कितपत खरी, देव जाणे. चित्र मात्र त्यांना बरोबर आठवतं.”

आजीने सगळे प्रश्न विचारले होते, हा सोडून. ती घरी गेली, भिंगरीला पाटावर बसवलं आणि तोंडी परीक्षा घेतात तशी सुरुवात केली.

“पहिल्या पानावर काय आहे?”

“पाणघोडा कामाला निघालाय.”

“तसं नाही. गोष्ट नको. चित्रात डोळ्यांना काय दिसतं ते सांग.”

“एक काका. जाडा. त्याच्या हातात पान्हा.”

“आणि पाणघोडा?”

“तो नाही दिसत.”

“का दिसत नाही?”

भिंगरीने आजीकडे अशा नजरेने पाहिलं की आजीला आपले ढ विद्यार्थी आठवले. “तो काकाच्या आत आहे ना. म्हणून तर काका जाडा.”

“हे पुस्तकात लिहिलंय?”

“हो. आजोबा वाचतात.”

“आणि टाकी गिळतो, ते चित्र?”

“टाकीचं चित्र आहे. पुढच्या पानावर टाकी नाही.” भिंगरीने हात झटकले. “गिळली.”

आजी हळूहळू वळली. आजोबा दारात उभे होते ते एकदम नाहीसे झाले. गच्चीवर कुणी न पाठवताच ते गेले होते. ती जिना चढून वर गेली. ते पाण्याच्या टाकीमागे उभे होते, आणि टाकी काही त्यांच्याएवढी रुंद नव्हती.

“तुम्ही पुस्तक वाचतच नव्हता.”

आजोबांनी डोळ्यांवर हाताची दोन वर्तुळं केली आणि मग हात हवेत उडवला. चष्मा सापडायचा नाही.

“कधीच?”

आजोबांनी बोट आणि अंगठा जवळ आणून दाखवले. एकदा, जरासं.

“आणि मी तिकडे गेंडे शोधतेय. रानडुकरं शोधतेय. त्या पोरीने माझ्यासाठी यंत्राला पंखा लावला. जगातल्या कुठल्याच कपाटात नाही अशी वस्तू मी कंस घालून शोधतेय, आणि तुम्ही कुंड्यांना पाणी घालताय.” ती थांबली, कारण पुढे बोलायला श्वास नव्हता. आजोबांनी कान पकडले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याशी वाद घालायचा सोडला असं पहिल्यांदाच झालं, आणि तेही घशाच्या कृपेने.

दुसऱ्या दिवशी आजीने खुर्चीत बसून सगळ्या गाळण्या काढून टाकल्या. ‘कथा’ काढली, ‘माहितीपर’ लावलं. प्राणी काढले. बालविभाग ठेवला. घर आणि नळ. यंत्राने नम्रपणे चार नावं दिली, त्यातलं दुसरं ‘टाकीपासून नळापर्यंत’, विषय पाणीपुरवठा, लेखिका कुणीतरी बाई. मुखपृष्ठ करडं होतं. निळंही नाही, हिरवंही नाही.

“सापडलं?” ग्रंथपालने विचारलं.

“सापडलं.”

“म्हणजे पाणघोडा नव्हताच?”

“होता,” आजी म्हणाली. “तो घरीच आहे. त्याला पुस्तक वाचून दाखवायला चष्मा लागतो.”

संध्याकाळी पुस्तक गुडघ्यावर आलं तसं भिंगरीने टाळ्या वाजवल्या आणि स्वतःहून ताट जवळ ओढलं. आजोबांना खाली यायची परवानगी मिळाली होती. ते दाराला टेकून उभे राहिले. आजीने घसा साफ केला आणि स्पष्ट उच्चारांत वाचायला लागली.

“‘पाणी हे आपल्या घरी पाइपांतून येते. पाइप धातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात.’”

भिंगरीचा घास अर्ध्या वाटेत थांबला. “असं नाहीये ते.”

“असंच आहे. हे बघ, अक्षरं.”

“चुकीचं वाचतेस तू.”

“मी चुकीचं वाचत नाही. ‘गळक्या नळाचा वॉशर वेळीच बदलावा.’”

ताट पुन्हा दूर गेलं. खालचा ओठ बाहेर आला. भिंगरीने आजीकडे नाही, दाराकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरून यायला लागलं. दारात आजोबांचे खांदे वर गेले. छाती भरली. लिलावाची पहिली बोली पुकारण्याआधी ते असाच श्वास घेत, हे आजीने बाजारात उभं राहून किती वेळा पाहिलं होतं. आता तोंड दाबायला धावायचं तर मध्ये ताट, भिंगरी, पाट. पोचणं शक्य नव्हतं.

आजीने छापील ओळीवर तळवा ठेवला.

“हा काका दिसतो,” ती म्हणाली, “पण हा काका नाही.”

 दारातला श्वास बाहेर पडला, आवाजाशिवाय.

भिंगरीने नाक ओढलं. “मग कोण आहे?”

“पाणघोडा आहे. आत.”

“किती मोठा?”

“दीड हजार किलोचा,” आजी म्हणाली, कारण या आठवड्यात पाणघोड्यांबद्दल तिने जेवढं वाचलं होतं तेवढं खुद्द पाणघोड्यांनाही ठाऊक नसेल.

“मग काकात मावला कसा?”

आजीने पुस्तकाकडे पाहिलं. आकारमानाचा साधा प्रश्न होता आणि उत्तर शक्य नव्हतं. “घडी घालून,” ती म्हणाली. “आधी उभी घडी, मग आडवी. चादरीची घालतात तशी.”

भिंगरीने विचार केला. विचार करता करता तिने घास तोंडात टाकला आणि चावायला लागली. दारात आजोबा कासावीस झाले होते. त्यांनी पाटी उचलून धरली, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘घडी नव्हे, वितळवून’.

“तुम्ही मध्ये बोलू नका,” आजीने मुक्या माणसाला सुनावलं. “वितळल्यावर परत पाणघोडा कसा होईल? काही विचार?”

आजोबांनी पाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

“आजोबांचं जास्त चांगलं असतं,” भिंगरी घास गिळून म्हणाली. “पुढे सांग.”

आजीने पान उलटलं. पुढच्या पानावर पाण्याच्या मीटरचं चित्र होतं, बारीक आकड्यांसकट, आणि त्यात दीड हजार किलोच्या पाणघोड्याने काय करायचं हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.